गिअर अडतो तेव्हा : मोटारसायकलच्या क्लचचा व गिअरपेटीचा एक पाठ

पनवेल हे वाटांचे गाव आहे. पळस्पे फाट्यावरून एक रस्ता कर्नाळ्यामार्गे कोकणात व पुढे गोव्याकडे जातो, दुसरा खोपोलीवरून बोरघाट चढून पुण्याला पोहोचतो, आणि कळंबोलीवरून मुंबईची वाट सुटते. या सर्व वाटांवर आपल्या बहुसंख्य कुटुंबांचे वाहन एकच असते, ते म्हणजे मोटारसायकल. तळोज्याच्या कारखान्यांतील पाळी, उरणच्या बंदराकडील काम, कळंबोलीच्या लोखंड बाजारातील हजेरी आणि पालकभेटीच्या दिवशी वसतिगृहातील मुलामुलींसाठी केलेला प्रवास, हे सारे या दुचाकीवर चालते. ती अडली की त्या दिवसाची मजुरी बुडते आणि दुरुस्तीचा खर्च वेगळाच होतो.

स्मरणिकेत आठवणी व मनोगते असतातच. त्यांच्या सोबतीला घरी नेऊन उपयोगात आणता येईल असा एखादा पाठही असावा, या विचाराने आम्ही हा विषय निवडला आहे. “गिअर नीट पडत नाही” ही तक्रार घेऊन गाडी गॅरेजच्या दारात उभी राहते, तेव्हा मालकाच्या मनात पहिली धास्ती असते ती इंजिन उघडावे लागण्याची. ही धास्ती पुष्कळदा अनाठायी ठरते. गिअर बदलताना जाणवणाऱ्या अनेक अडचणींचे मूळ गिअरपेटीच्या बाहेर असते : क्लचच्या वायरीत, लिव्हरच्या प्लेमध्ये, इंजिनच्या तेलात किंवा चालवणाऱ्याच्या सवयीत. म्हणून तपासणी नेहमी बाहेरून आत करीत जावी आणि स्वस्त कारण निकालात निघाल्याखेरीज महाग कारणाकडे वळू नये. या पाठाचे सार एवढेच आहे. हा क्रम का योग्य, हे कळण्यासाठी आधी यंत्राची रचना समजून घेऊ.

१. इंजिनची शक्ती चाकापर्यंत कशी पोहोचते?

इंजिन एका मर्यादेतच चांगले फिरते. फार सावकाश फिरले तर ते बंद पडते, आणि फार वेगाने फिरवले तर झिजते. रस्ता मात्र सतत बदलत असतो. कधी सिग्नलवर उभे राहावे लागते, कधी चढ लागतो, कधी मोकळा सपाट रस्ता मिळतो. इंजिनची ही मर्यादा आणि रस्त्याच्या या मागण्या यांचा मेळ घालणे हे गिअरपेटीचे काम होय.

एक सोपे गणित पाहू. समजा, इंजिनपासून क्लचपर्यंत येताना फेरे तिपटीने कमी होतात. गिअरपेटीत पहिल्या गिअरमध्ये १२ दात्यांचे चक्र ३६ दात्यांच्या चक्राला फिरवते, म्हणजे पुन्हा तिपटीने घट होते. शेवटी चेनच्या पुढच्या स्प्रॉकेटला १४ आणि मागच्याला ४२ दाते आहेत, म्हणजे आणखी तिपटीने घट. ३ × ३ × ३ = २७. इंजिनचे २७ फेरे झाले की मागचे चाक एकदा फिरते. वरच्या गिअरमध्ये गिअरपेटीतील दोन्ही चक्रांचे दाते सारखे असतील, तर ३ × १ × ३ = ९, म्हणजे इंजिनच्या ९ फेऱ्यांत चाकाचा एक फेरा होतो. आता इंजिन मिनिटाला ५४०० फेरे घेत असेल आणि चाकाचा परीघ १.८ मीटर असेल, तर पहिल्या गिअरमध्ये गाडी ताशी सुमारे २२ किलोमीटर आणि वरच्या गिअरमध्ये ताशी सुमारे ६५ किलोमीटर धावेल. पहिल्या गिअरमध्ये वेग एक तृतीयांश असला तरी चाकाला मिळणारा जोर तिप्पट असतो. चढावर खालचा गिअर का घ्यावा लागतो, याचे उत्तर या गुणाकारातच आहे.

इंजिन आणि गिअरपेटी यांच्या मध्ये क्लच बसवलेला असतो. आपल्याकडील बहुतेक मोटारसायकलींत तो इंजिनच्याच तेलात बुडालेला व अनेक चकत्यांचा असतो. घर्षणाचे अस्तर लावलेल्या क्लच प्लेटा आणि साध्या पोलादी प्लेटा एकाआड एक रचलेल्या असतात. एका प्रकारच्या प्लेटा इंजिनबरोबर फिरणाऱ्या बाहेरच्या डब्यात, म्हणजे हाउसिंगमध्ये अडकतात, तर दुसऱ्या प्रकारच्या गिअरपेटीच्या शाफ्टवरील हबमध्ये. स्प्रिंगा त्यांना दाबून एकजीव करतात, आणि इंजिनचा फेरा गिअरपेटीत जातो. आपण लिव्हर ओढतो तेव्हा वायर ताणली जाते, आतली प्रेशर प्लेट उचलली जाते, प्लेटा एकमेकींपासून सुटतात आणि इंजिन मोकळे फिरू लागते. गिअर बदलण्याची योग्य वेळ हीच.

२. गिअरपेटीच्या आत

गिअर बदलताना दात्यांची चक्रे एकमेकांपासून दूर होतात व पुन्हा जुळतात, असा एक सार्वत्रिक समज आहे. मोटारसायकलच्या गिअरपेटीत तसे घडत नाही. दोन समांतर शाफ्टांवरील चक्रांच्या जोड्या कायम एकमेकींत गुंतलेल्या असतात. प्रत्येक जोडीतील एक चक्र शाफ्टला पक्के जोडलेले असते आणि दुसरे शाफ्टवर मोकळे फिरते. काही चक्रे शाफ्टवर थोडी बाजूला सरकू शकतात. त्यांच्या अंगावर जाड खुंट असतात. हे खुंट शेजारच्या चक्राच्या खाचेत शिरले की मोकळे चक्र शाफ्टला बांधले जाते. यालाच आपण गिअर पडला असे म्हणतो.

चक्र सरकवण्याचे काम दुबेळक्याच्या आकाराचे फोर्क करतात. फोर्कची टोके एका गोल ड्रमवर कोरलेल्या वळणदार खाचांत बसलेली असतात. पायाने पेडल दाबले की ड्रम एक टप्पा फिरतो, खाचेचे वळण फोर्कला सरकवते, आणि फोर्क चक्राला. ड्रमच्या टोकाशी चांदणीसारखी चकती असते. तिच्या खोबणीत स्प्रिंगने दाबलेला रोलर बसतो आणि ड्रमला त्या टप्प्यावर धरून ठेवतो. एका वेळी एकच गिअर बदलतो आणि पहिल्यावरून थेट चौथ्यावर उडी मारता येत नाही, ते या ड्रममुळेच.

या रचनेतून एक महत्त्वाची गोष्ट निघते. खुंट आणि खाच समोरासमोर आले तरच गिअर पडतो. उभ्या गाडीत कधीकधी खुंटासमोर खुंटच येतो, आणि कितीही जोर लावला तरी पेडल हलत नाही. हा बिघाड नव्हे. क्लच किंचित सोडून पुन्हा ओढावा किंवा गाडी बोटभर पुढे-मागे ढकलावी, म्हणजे खाच समोर येते. अशा वेळी पेडलवर लाथ मारल्याने फोर्क वाकतो आणि नसलेला बिघाड खरोखर निर्माण होतो.

मागच्या पिढीच्या वाहनांत हीच तत्त्वे निराळ्या रूपांत होती. बजाज चेतक स्कूटरचे गिअर डाव्या मुठीने फिरवावे लागत, आणि मुठीपासून गिअरपेटीपर्यंतच्या वायरी सैल झाल्या की मुठीवर दिसणारा आकडा व आत पडलेला गिअर यांचा मेळ बसत नसे. जावा-येझदीत किक मारण्याची व गिअर बदलण्याची दांडी एकच होती. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी असे. ज्यांनी ही वाहने वापरली आहेत, त्यांना “आधी वायर बघ” हा वस्तादांचा सल्ला आठवत असेल. तो आजही तितकाच खरा आहे.

३. लक्षणांवरून कारणाकडे

‘गिअरचा त्रास’ या एका शब्दात चार निरनिराळे दोष दडलेले असतात. गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी आपला दोष कोणता, हे मालकाने ओळखले पाहिजे.

पहिला दोष, क्लच पूर्ण न सुटणे. लिव्हर मुठीपर्यंत ओढली तरी गाडी पुढे सरकू पाहते, पहिला गिअर मोठ्या खटक्याने पडतो, आणि सिग्नलवर न्यूट्रल सापडता सापडत नाही. लिव्हरमध्ये जास्त प्ले असणे, वायर ताणून लांब होणे किंवा तिचे तंतू तुटणे, तेल जुने होणे, पोलादी प्लेटा वाकणे, हाउसिंगच्या कडांना प्लेटांनी खाचा पाडणे, ही याची कारणे होत. गाडी अनेक दिवस उभी राहिल्यास प्लेटा एकमेकींना चिकटूनही असे होते. थंड इंजिनमध्ये पहिला गिअर टाकताना हलका ‘खट्’ आवाज येणे मात्र स्वाभाविक आहे. क्लच ओढून दोन-तीन क्षण थांबावे आणि मग गिअर टाकावा, म्हणजे आवाज कमी होतो.

दुसरा दोष, क्लच घसरणे. अॅक्सिलरेटर पिळला की इंजिनचा आवाज चढतो, पण गाडी त्या मानाने पुढे जात नाही. चढावर किंवा मागे माणूस बसला असता हे विशेष जाणवते, आणि कधी जळका वासही येतो. लिव्हरला मुळीच प्ले नसणे, सतत हाफ क्लचवर गाडी चालवणे, अस्तर झिजणे, स्प्रिंगा सैल पडणे, अयोग्य तेल भरणे, ही याची कारणे. पहिला दोष प्ले जास्त असल्याने होतो आणि दुसरा प्ले नसल्याने. म्हणून “क्लच खराब आहे” एवढेच सांगणे अपुरे असते.

तिसरा दोष, पडलेला गिअर आपोआप सुटणे. गाडी जोर घेत असताना किंवा उतारावर अॅक्सिलरेटर सोडताच गिअर निसटतो आणि इंजिन मोकळे गुरगुरते. खुंटांच्या कडा गोल झिजणे, फोर्क वाकणे किंवा रोलरची स्प्रिंग मऊ पडणे, ही त्याची कारणे. हा दोष खऱ्या अर्थाने गिअरपेटीचा आहे आणि तो पुढे ढकलू नये.

चौथा दोष, पेडल परत जागेवर न येणे. एकदा दाबल्यावर ते तसेच राहते किंवा दाबले तरी गिअर बदलत नाही. गाडी पडून पेडल वा शाफ्ट वाकला असेल, पेडलचा बोल्ट सैल होऊन आतले दाते घसरत असतील, किंवा आतली रिटर्न स्प्रिंग तुटली असेल.

४. बाहेरून आत : तपासणीचा क्रम

पहिली पायरी पेडलची. ते वाकून इंजिनच्या कव्हरला घासत नाही ना, त्याचा बोल्ट घट्ट आहे ना, हे पाहावे. याला खर्च शून्य.

दुसरी पायरी क्लचच्या वायरीची. इंजिन थंड असताना लिव्हरचे टोक बोटाने हलवून पाहावे. अनेक गाड्यांत टोकाशी १० ते २० मिलिमीटर मोकळी हालचाल असावी लागते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. हँडल डावीकडे व उजवीकडे पूर्ण वळवून पुन्हा पाहावे. प्ले बदलत असेल, तर वायर कुठेतरी ताणली वा दबली गेली आहे. लिव्हरजवळच्या गोळीपाशी तंतू तुटू लागले असतील, तर वायर लगेच बदलावी. ती एकाएकी तुटली असे आपण म्हणतो, पण तंतू एकेक करून आधीच तुटत असतात. नवी वायर पहिल्या काही दिवसांत थोडी ताणते, म्हणून आठवड्याने प्ले पुन्हा जुळवावा.

तिसरी पायरी तेलाची. तेलाची पातळी योग्य आहे का, शेवटी कधी बदलले, आणि कोणते भरले, हे पाहावे. मोटारसायकलचे तेल इंजिन, गिअरपेटी आणि क्लच या तिघांना पुरते. मोटारीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. ती मोटारीला उपकारक असली तरी मोटारसायकलचा क्लच त्यांनी घसरू लागतो. म्हणून डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘जासो एमए-२’ ही खूण पाहूनच तेल घ्यावे.

चौथी पायरी चेनची. चेन फार सैल असली की प्रत्येक गिअरला झटका बसतो आणि दोष गिअरपेटीवर जातो. स्प्रॉकेटचे दाते टोकदार किंवा वाकडे झाले असतील, तर चेन व दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदलावेत.

पाचवी पायरी म्हणजे एक परीक्षा. इंजिन बंद करून गाडी मधल्या स्टँडवर लावावी. एका हाताने मागचे चाक सावकाश फिरवीत दुसऱ्या हाताने पेडल दाबून सर्व गिअर एकेक करून टाकावेत. सर्व गिअर सहज पडले, पण इंजिन चालू असताना पडत नसतील, तर संशय क्लचवर घ्यावा. बंद इंजिनमध्येही एखादा गिअर पडत नसेल, तर दोष आतल्या यंत्रणेत आहे. हे करताना बोटे चेन व चाकाच्या आऱ्यांपासून दूर ठेवावीत आणि इंजिन चालू असताना ही परीक्षा कधीही करू नये.

या पाच पायऱ्यांनंतरही दोष राहिला, तर सहावी पायरी बाजूचे कव्हर उघडण्याची. बहुतेक गाड्यांत क्लच उजव्या कव्हरखाली असतो. तेल काढून ते कव्हर उघडले की इंजिन चेसिसवरून न उतरवता क्लच प्लेटा, स्प्रिंगा व हाउसिंग तपासता येतात, आणि बऱ्याच गाड्यांत चांदणीची चकती व तिचा रोलरही तेथेच असतो. प्लेटांची जाडी व स्प्रिंगांची लांबी मोजूनच त्या बदलाव्यात. नव्या प्लेटा बसवण्यापूर्वी तेलात भिजवाव्यात. हाउसिंगला खोल खाचा पडल्या असतील, तर केवळ प्लेटा बदलून दोष जात नाही. काही महिन्यांत तो परत येतो. इंजिन उतरवून त्याचे दोन भाग करणे ही शेवटची व सर्वांत खर्चिक पायरी. ती फोर्क, ड्रम आणि चक्रांच्या खुंटांसाठीच असते.

५. घाट, वाहतूक आणि पाऊस

पनवेल समुद्रसपाटीला लागून आहे, तर लोणावळा सुमारे ६०० मीटर उंचीवर. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना मनाई असल्याने मोटारसायकलला जुन्या रस्त्याने, खोपोलीवरून शिंग्रोबाचा घाट धरूनच चढावे लागते. तेथे क्लचची खरी कसोटी लागते. चढावर गाडी थांबली असता ती हाफ क्लचवर तोलून धरू नये, ब्रेकने धरावी. इंजिन धापा टाकू लागण्यापूर्वीच खालचा गिअर घ्यावा. जळका वास आला तर सुरक्षित जागी थांबून क्लच निवू द्यावा. कळंबोलीच्या वाहतूक कोंडीतही हाफ क्लच हाच प्लेटांचा मुख्य शत्रू आहे.

उतरतानाचा नियम जुना आहे आणि पक्का आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढावा, त्याच गिअरमध्ये उतरावा. म्हणजे इंजिन स्वतःच गाडीला आवरते आणि ब्रेकवरचा ताण हलका होतो. पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये किंवा क्लच ओढून उतरणे म्हणजे गाडीचा एक आधार स्वतःहून सोडून देणे होय. तापलेले ब्रेक ऐन वळणावर कमी पडतात, आणि तेव्हा गिअर टाकण्यास अवधी उरत नाही. ज्या गाडीचा गिअर आपोआप सुटतो, ती याच कारणासाठी घाटात नेऊ नये.

मित्राची गाडी चालवण्यास घेणाऱ्या तरुणांसाठी एक सूचना. काही गाड्यांत सर्व गिअर एकाच दिशेने पडतात, तर काहींत पहिला गिअर खाली आणि बाकीचे वर असतात. सवयीने पाय चुकीच्या दिशेला गेला, तर वरच्या गिअरऐवजी खालचा पडतो, मागचे चाक एकाएकी जखडते आणि गाडी घसरते. अनोळखी गाडीचे गिअर कसे आहेत, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. त्यात कमीपणा नाही.

कोकणातील पाऊस वायरीत पाणी शिरवतो आणि गंज आणतो. पावसाळ्याच्या आधी व नंतर वायरीत तेल सोडावे. गाडी पुराच्या पाण्यात बुडाली असेल, तर ती लगेच सुरू करू नये. तेल दुधाळ दिसत असेल, तर त्यात पाणी मिसळले आहे. ते पूर्ण काढून नवे भरल्याखेरीज इंजिन फिरवू नये.

६. गॅरेजमध्ये काय बोलावे?

मेकॅनिकच्या कौशल्याचा मान राखूनही मालकाने चार प्रश्न विचारावेत. वायर आणि प्ले पाहिला का? बंद इंजिनमध्ये सर्व गिअर पडतात का? प्लेटा मोजल्या का, आणि किती झिजल्या? बदललेले जुने भाग मला दाखवाल का? चांगला कारागीर या प्रश्नांनी रागावत नाही, उलट त्याचे काम सोपे होते. “गिअर खराब आहे” असे सांगण्याऐवजी “इंजिन गरम झाल्यावर न्यूट्रल सापडत नाही” किंवा “तिसरा गिअर उतारावर सुटतो” असे सांगितले, तर निम्मे निदान तेथेच होते.

आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही विज्ञानाच्या तासाला कार्यकारणभाव शिकवतो. कारणाशिवाय परिणाम नाही, आणि कारण दूर केल्याशिवाय परिणाम टळत नाही. घरची मोटारसायकल ही त्या शिकवणुकीची प्रयोगशाळाच आहे. मुलगा असो वा मुलगी, सुट्टीत घरी आल्यावर त्यांच्या हाती पाना द्यावा, क्लचचा प्ले मोजायला सांगावा, तेलाची पातळी पाहायला सांगावी. ज्यांना या कामाची गोडी लागेल, त्यांच्यासाठी दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील ‘मेकॅनिक मोटर व्हेइकल’ हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. हातातील कसब कोणी हिरावून घेऊ शकत नाही.

प्रत्येक घरात एक लहान वही असावी. तिच्यात तेल बदलल्याची तारीख व किलोमीटर, वायर बदलल्याची तारीख आणि प्लेटांचा खर्च, एवढे तीन रकाने पुरेत. वर्षभराने ती वही उघडली, म्हणजे आपली गाडी कशाने अडते आणि आपला पैसा कोठे जातो, हे कोणाला विचारावे लागणार नाही.